कळसूबाईच्या दारातला केर : शनिवारी रात्री ट्रेक नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिकहून दर शनिवारी रात्री कळसूबाईला गाड्या भरून माणसं आणणाऱ्या सर्व आयोजकांना,

स. न. वि. वि.

मी घोटीला राहते. भाताच्या गिरणीत हिशेब लिहिते. वय ४९. महिन्यातून एकदा मंगळवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेते आणि कळसूबाईला जाते. एकटी. गेली अकरा वर्षं असंच चाललंय. रात्री अडीचला उठून स्कूटर काढते, घोटी-भंडारदरा रस्त्याने पायथ्याच्या बारी गावाला पोचते आणि पावणेचारच्या सुमारास चढायला लागते. उजाडायच्या आत माथ्यावर असते. दुपारी परत गिरणीत.

तुमच्यापैकी कुणाला मी ओळखत नाही आणि कुणाशी माझं भांडण नाही. हे पत्र लिहायला बसले ते गेल्या आठवड्यात मोबाइलवर आलेल्या एका जाहिरातीमुळे. येत्या जोडसुट्टीला सलग तीन रात्री कळसूबाई, वर सूर्योदयाला संगीत आणि नाश्ता. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, "जागा अमर्याद". ते दोन शब्द वाचले आणि रात्री झोप लागली नाही. कारण त्या माथ्यावर जागा किती आहे ते मला माहीत आहे. शेंदूर लावलेल्या देवीचं छोटं देऊळ, भोवती थोडीशी सपाटी, आणि तिन्ही-चारी बाजूंना दरी. अमर्याद तिथे फक्त आभाळ आहे.

आधी माझा या डोंगराशी संबंध काय ते सांगते, म्हणजे मी का बोलते आहे ते कळेल.

माझ्या आईचं माहेर डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीतलं. लहानपणी नवरात्रात ती आम्हा भावंडांना घेऊन वर जायची. अनवाणी. ओटीचं सामान पदरात बांधलेलं. वाटेत दम लागला की एखाद्या दगडावर बसवायची आणि कळसूची गोष्ट सांगायची. दर वर्षी तीच गोष्ट, आणि दर वर्षी आम्ही नव्याने ऐकायचो.

कळसू ही कोळ्याची पोर. रानात हिंडायची भारी आवड. हिंडत हिंडत ती पायथ्याच्या इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, पडेल ते काम करीन, पण मला भांडी घासायला सांगायचं नाही आणि केर काढायला सांगायचं नाही. घरच्यांनी कबूल केलं. बरेच दिवस नीट गेले. मग एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणालं, एवढी भांडी घास आणि केर काढ. तिने भांडी घासली. केरही काढला. एक शब्द बोलली नाही. हात धुतले आणि डोंगर चढून गेली, ती परत खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येसुद्धा ही गोष्ट नोंदवलेली आहे. आईला वाचता येत नव्हतं, पण तिची गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट एकच निघाली.

गोष्ट संपली की आई म्हणायची, "म्हणून बाईच्या दारात मोठ्यानं बोलायचं न्हाई आन् काय टाकायचं न्हाई. तिला केराचाच राग हाय."

आई गेली त्या वर्षीपासून मी दर महिन्याला जाऊ लागले. पहिल्यांदा शोक म्हणून गेले असेन. आता ते माझं जगणंच झालंय. लोक विचारतात, एकट्या बाईला अंधारात भीती नाही वाटत? खरं सांगते, अकरा वर्षांत मंगळवारी एकदाही वाटली नाही. गाव झोपलेलं असतं, एखादं कुत्रं वेशीपर्यंत सोबत येतं आणि परत फिरतं. मग शेतं संपतात, चढ लागतो, आणि आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. हिवाळ्यात सप्तर्षी डोक्यावर आलेले असतात. थोडं वर गेलं की मागे इगतपुरी-घोटीचे दिवे दिसतात, दुसऱ्या अंगाला धरणाचं पाणी काळ्या काचेसारखं पडलेलं असतं. पावसाळ्यात उजाडायच्या आधी ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर पक्षी शीळ घालतो, अगदी माणसासारखी, चाल विसरलेल्या माणसासारखी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी वळून बघितलं होतं.

आणि माथ्यावरची एक गोष्ट. सूर्य वर आला की सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे असतात. मीही असायचे. एकदा वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं म्हणून पाठ फिरवली, तर पश्चिमेकडे खाली दरीतल्या धुक्यावर कळसूबाईची सावली पडली होती. काळसर निळी, टोकदार, मैलोगणती लांब. डिसेंबरात ती अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांच्या उजव्या अंगाने इगतपुरीकडे जाते. दहा-पंधरा मिनिटांत आखडत आखडत डोंगराच्या पायाशी येते आणि विरघळते. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेची, १६४६ मीटरची, सावली. ती बघायला मी जाते असं म्हटलं तरी चालेल.

आता त्या शनिवारबद्दल.

गेल्या जानेवारीत गिरणीत हंगाम जोरात होता, मंगळवार मिळेना. म्हणून शनिवारी रात्री निघाले. पहिल्यांदाच. बारीच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागलेली. गावातली गल्ली माणसांनी भरलेली, एका अंगणात दोन बायका पोरांना मांडीवर घेऊन नुसत्या बसलेल्या, कारण झोपणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, वर गेल्यावर पांगेल सगळं. पांगलं नाही. पायथ्यापासून शिखरापर्यंत बॅटऱ्यांची एक सलग ओळ होती. लांबून तिचे फोटो छान येतात, मी बघितलेत. तिच्यात उभं राहिल्यावर वेगळं दिसतं.

सगळ्यात आधी शिड्यांचं बोलते, कारण तिथे जीव जाऊ शकतो.

लोखंडी शिड्या कड्याला लावलेल्या आहेत. दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढीच रुंदी. त्या रात्री पाच वाजता मी एका शिडीच्या खाली पोचले तेव्हा वरून लोक उतरत होते. मध्यरात्री चढायला लागलेली मंडळी तीन वाजताच वर पोचली होती, थंडी सोसेना, म्हणून सूर्योदयाच्या आधीच खाली निघाली होती. खालून चढणारे, वरून उतरणारे, शिडी एकच. मध्ये कुणी थांबवायला नाही, आधी कोण मग कोण हे सांगायला नाही. मागून सारखं, "चला, चला, सूर्योदय चुकेल."

माझ्या पुढे वीसेक वर्षांची एक मुलगी होती. पायात कापडी बूट, हातात लोकरीचे हातमोजे. निम्म्या शिडीवर ती थांबली. वरून एक धिप्पाड माणूस तिच्या अंगावरूनच उतरू बघत होता. तिने दोन्ही हातांनी कठडा कवटाळला आणि डोळे मिटून घेतले. मी विचारलं, तुमच्याबरोबर कोण आहे? म्हणाली, "सर सगळ्यात मागे आहेत." मागे म्हणजे किती मागे, ते तिला माहीत नव्हतं. कसं असणार? ओळ तर खालपर्यंत होती.

मी एक पायरी चढून तिच्या पाठीला छाती लावून उभी राहिले, म्हणजे पडली तरी माझ्यावर पडेल. तिचे हातमोजे काढायला लावले. लोकर दवाने भिजून लोखंडावरून सटकत होती. उघड्या हाताला ते लोखंड इतकं गार लागतं की बोटं भाजल्यासारखी होतात, पण पकड तरी बसते. तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. नाव विचारलं, कॉलेज विचारलं, आई काय करते ते विचारलं. मग म्हटलं, आता फक्त उजवा पाय. बाकी काही नाही, फक्त उजवा पाय. वरच्या माणसाला ओरडून सांगावं लागलं की बाबा, तू परत वर जा. तो चिडला, पण गेला. ती शिडी चढायला आम्हाला वीस मिनिटं लागली. एरवी दोन लागतात.

सव्वाआठला माथ्यावर शिट्टी अडकवलेला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, आमची पिवळ्या रिबिनवाली माणसं दिसली का कुठे? दोन कमी भरताहेत." तिचे "सर" ते हेच. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. घामाघूम, घाबरलेला. त्याच्याबरोबर साठाच्या वर माणसं होती आणि दुसरा साहाय्यक बसमध्येच झोपला होता असं तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. त्याला एकट्याला साठ माणसं देऊन पाठवणाऱ्याचा आला.

आयोजकहो, हा माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप आहे. तुम्ही पैसे घेता ते सोबतीचे घेता. मी एकटी जाते तेव्हा मला माहीत असतं की मी एकटी आहे. पाय जपून टाकते, दव असेल तर शिडीखाली थांबते, जमणार नाही असं वाटलं तर परत फिरते. दोनदा फिरले आहे. त्या मुलीला वाटत होतं की आपल्याबरोबर माणसं आहेत. शिडीवर ती माझ्यापेक्षा जास्त एकटी होती.

दुसरा आक्षेप आवाजाचा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ साली घोषित झालेलं वन्यजीव अभयारण्य आहे. बिबट्या, तरस, भेकर, शेकरू यांचं घर. अभयारण्य नसतं तरीही रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. त्या पहाटे पाठीवरच्या पिशव्यांना अडकवलेले किती स्पीकर होते मी मोजले नाहीत. प्रत्येकाचं गाणं वेगळं. माथ्यावर देवळाची घंटा कुणीतरी वाजवली, वाजवणाऱ्याचा हात हलताना दिसला, आवाज आला नाही. सावली बघायला म्हणून मी पश्चिमेकडे गेले, तर तिथे कठड्याला टेकून मुलं मोठ्याने आकडे मोजत होती, ड्रोन उडवायचा होता. मी काही बोलले नाही. परत फिरले. एका मुलाने मात्र विचारलं, काकू, तिकडे काय बघत होता? मी दाखवलं. सावली तेव्हा निम्मी उरली होती. तो पाच मिनिटं काही न बोलता बघत राहिला, आणि मग त्याने आपला स्पीकर आपणहून बंद केला. त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, एवढंच.

तिसरं, पाणी आणि शौच. हे लिहायला संकोच वाटतो, पण तुम्ही लाजत नाही म्हणून मला लाजून चालणार नाही. शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. चढून थकलेल्या माणसाला तिचं पाणी म्हणजे काय ते चढलेल्यालाच ठाऊक. नवरात्रात आई त्या विहिरीला आधी हात जोडायची, मग पाणी काढायची. त्या दिवशी विहिरीच्या काठावर माणसं चूळ भरत होती, बूट धूत होती, आत बाटल्या तरंगत होत्या. आणि विहिरीच्या वरच्या उताराला, झुडपांच्या आडोशाला, काय होतं ते मी लिहीत नाही. पाऊस पडला की ते कुठे वाहत जाणार ते सांगायला शाळा शिकावी लागत नाही.

खाली गावातही तेच. शेकडो माणसं रात्री अकराला बसमधून उतरतात, चार तास प्रवास करून आलेली. त्यांनी कुठे जावं याचा विचार तुमच्या वेळापत्रकात नसतो. जेवणाची वेळ असते, फोटोची वेळ असते. मग ती माणसं कुणाच्या तरी शेताच्या बांधाला जातात. त्यांचाही नाइलाज, विशेषतः मुलींचा. सकाळी त्या शेतात हरभरा उपटायला बाई वाकते.

आणि मग केर.

हे मी शेवटी ठेवलं, कारण याच्याबद्दल सगळेच बोलतात आणि बोलून मोकळे होतात. स्वच्छता मोहिमेचे फोटो टाकणारेही तुमच्यातलेच काही आहेत, आणि त्यातले काही मनापासून करतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना माझा नमस्कार. पण त्या रविवारी देवळाच्या ओट्यावर, देवीच्या अगदी पुढ्यात, पोह्यांच्या ताटल्यांचा ढीग होता. प्लास्टिकचा चमचा प्रत्येकीत खोचलेला. २०१८ पासून राज्यात असल्या ताटल्या-चमच्यांवर बंदी आहे. वाऱ्याने एकेक ताटली उडून दरीत जात होती आणि लोक तिचा व्हिडिओ काढत होते, भिंगरीसारखी फिरते म्हणून.

मी त्या ताटल्या गोळा करायला लागले. पिशवी माझ्याकडे एकच होती, ती भरली. तेवढ्यात तुमच्यापैकीच एकाचा माणूस म्हणाला, "राहू द्या काकू, गावातल्या बायका येतात उद्या, त्या काढतात."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. गावातल्या बायका. म्हणजे त्या कळसूच्या लेकीसुना. केर काढायला सांगितला म्हणून जी घर सोडून डोंगरावर येऊन बसली, तिच्या दारात बसून हा माणूस म्हणत होता की गावातल्या बायका केर काढतील. त्याला गोष्ट माहीत नसणार. माहीत असती तर बोलला नसता, असं मी स्वतःला समजावते. पण तुम्ही माणसांना या डोंगरावर आणता तर डोंगराची गोष्ट तुम्हाला माहीत असायला नको?

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. डोंगर सगळ्यांचा आहे. हो, आहे. माझा एकटीचा नाही, आणि मंगळवारची शांतता मला मिळते म्हणून ती माझी मालकीची होत नाही. ज्या माणसाला आठवड्यात एकच रविवार मिळतो, गोरेगावच्या नाहीतर पिंपरीच्या दीड खोलीतून पहिल्यांदा डोंगरावर येतो, त्याला आभाळ दिसलंच पाहिजे. त्या मुलाने सावली बघितली त्याचा मला आनंद आहे.

गर्दी होते हा माझा आक्षेप नाही. नवरात्रातही गर्दी असते, म्हाताऱ्या असतात, कडेवर पोरं असतात. पण तिथे शिडीपाशी कुणीतरी आपणहून उभं राहतं. "आधी उतरू द्या रं, म्हातारी हाय," असा आवाज वरून खाली जातो आणि सगळी रांग थांबते. चढणारा उतरणाऱ्याच्या हाताला धरतो, ओळख नसताना. कुणाला सूर्योदय गाठायचा नसतो. देवी काही सातला निघून जात नाही.

गावाचंही ऐका. हे पत्र लिहायच्या आधी मी वाटेवर टपरी चालवणाऱ्या एका ताईशी बोलले. तिला वाटलं मी शनिवार बंद करा म्हणणार. घाबरलीच. म्हणाली, "तसं नका लिहू हो. शनवारच्या चहा-भजीवरच आमची चूल हाय. पावसात भात, बाकी वर्षभर हेच." मग थोडं थांबून म्हणाली, "पर आता समदं पॅक करूनच आणतात ते. पोहं बी तिकडनंच. आमच्याकडं फकस्त कचरा टाकाया येतात." म्हणजे शनिवारची रात्र गावाने जागायची, घाण गावाने काढायची, आणि नाश्त्याचे पैसेसुद्धा गावाला नाहीत. हा हिशेब मला पटत नाही, आणि हिशेब हेच माझं काम आहे.

म्हणून बंदी मागत नाही. मागते ते एवढंच.

दहा माणसांमागे एक जाणता सोबती द्या. जाणता म्हणजे हा डोंगर निदान वीस वेळा, त्यातला काही वेळा पावसात, चढलेला. त्यातला निम्मा वर्ग बारी, जहागीरदारवाडी, इंदोरे या गावांतल्या मुलामुलींचा असू द्या, आणि त्यांना रोज द्याल तो तुमच्या शहरातल्या मुलांना देता तेवढाच द्या. जाहिरातीतून "जागा अमर्याद" काढा. एका रात्री किती माणसं आणणार हा आकडा जाहिरातीत छापा, आणि तो तुम्ही आयोजकांनी एकत्र बसून ठरवा. पाच जणांनी प्रत्येकी शंभर म्हटलं तर ते पाचशेच होतात, हे एकमेकांशी बोलल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

प्रत्येक शिडीच्या वर एक आणि खाली एक माणूस उभा करा. दोघांकडे शिट्टी. दहा माणसं चढली की दहा उतरतील. दव असेल तर उजाडेपर्यंत शिडी बंद, मग सूर्योदय चुकला तरी चालेल. निघण्यापूर्वी हे माणसांना सांगा, म्हणजे ती शिडीवर घाई करणार नाहीत. मध्यरात्री चढायला लावू नका. पावणेचारला निघून साधारण माणूस उजाडायला वर पोचतो, अकरा वर्षांचा अनुभव सांगते. मधले चार तास थंडीत कुडकुडवण्याऐवजी माणसांना गावात झोपू द्या, घरांतून राहायची सोय होते, पैसे त्या घरांना मिळतील.

स्पीकर बसमध्ये ठेवून उतरायचं, ही अट पैसे घेतानाच लिहून घ्या. नाश्ता गावात सांगा. वर नेलेली प्रत्येक वस्तू मोजून खाली आणा, आणि खाली म्हणजे बारीत नव्हे, तुमच्या बसमध्ये घालून तुमच्या शहरात. तिथे ती उचलायला घंटागाडी येते, इथे येत नाही. शौचाची सोय गावाशी बोलून, पैसे भरून, आधी करा. ती झाली नाही तर बस आणू नका. विहिरीपाशी एक फलक आणि एक माणूस. फलक मी लिहून देईन.

राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. ज्यांनी केली असेल त्यांनी नोंदणी क्रमांक आणि त्या रात्रीच्या प्रमुखाचं नाव जाहिरातीत छापावं. ज्यांनी केली नसेल त्यांनी आधी ती करावी, मग जोडसुट्टीच्या जाहिराती.

सरकारी खात्यांनी काय करायला हवं ते वेगळं आहे, त्यावर वेगळं लिहीन. हे सगळं करायला तुम्हाला कुठल्याही साहेबाच्या सहीची गरज नाही. एक बैठक पुरे आहे. बारीतल्या देवीच्या देवळापाशी घेतलीत तर मी येईन, गावातल्या चार बायका घेऊन येईन. चहा आम्ही करू. कळसूची गोष्ट ज्यांनी ऐकली नसेल त्यांना सांगू.

दुसरं काहीच जमलं नाही तर निदान एक करा. शिडीवर अडकलेली ती मुलगी परत गेली तेव्हा तिने माझे दोन्ही हात हातात धरले आणि विचारलं, "मावशी, मी परत येऊ ना?" मी हो म्हटलंय. ती पुन्हा तुमच्याचपैकी कुणाबरोबर तरी येईल. तेव्हा शिडीच्या वर तुमचा माणूस उभा असू द्या.

येत्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे पावणेचारला बारीतून निघते आहे. सोबत रिकामं पोतं घेते आहे, ओट्यावरच्या ताटल्या अजून तिथेच असतील तर.

कळावे.

आपली,
घोटीची एक रहिवासी, माहेरवाशीण कळसूबाईची